पराभव संवत्सरातला घोडा

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला थेट वय विचारायची सोय आपल्याकडे नाही. चीनमध्येही नाही, पण तिथे एक पळवाट आहे. तिथे दर वर्षाला एक प्राणी असतो आणि बारा वर्षांनी तोच परत येतो. तुमचा प्राणी कोणता, एवढंच विचारायचं. समोरून 'घोडा' असं उत्तर आलं की मनातल्या मनात 1954, 1966, 1978, 1990 अशी उजळणी करायची, चेहऱ्याकडे एकदा नीट बघायचं आणि त्यातलं एक वर्ष पक्कं करायचं. अंदाज चुकलाच तर थेट एका तपाने चुकणार, आणि इतकी चूक सहसा कुणाची होत नाही.

माझा या बारा प्राण्यांशी संबंध आला तो जपानी भाषेमुळे. पुण्यात जपानी शिकलेल्यांची वाण नाही. चाकणकडच्या कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून त्यातल्या अनेकांचं पोट चालतं, तसं माझंही चालतं. दर जानेवारीत ऑफिसात जपानहून नववर्षाची कार्डं येतात, त्यांना नेंगाजो म्हणतात. तिथल्या टपालाच्या कार्डावर खाली लॉटरीचा नंबर छापलेला असतो आणि चित्रात हमखास त्या वर्षाचा प्राणी. जपानने 1873 मध्ये इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं तेव्हा उंदीर-बैलसुद्धा निमूटपणे 1 जानेवारीला हजर व्हायला लागले. चीनमध्ये मात्र ते अजून चांद्र नववर्षाचीच वाट बघतात. म्हणून 2026 चा घोडा टोकियोत 1 जानेवारीला उगवतो आणि बीजिंगमध्ये 17 फेब्रुवारीला. मधला दीड महिना एकीकडे घोडा आणि दुसरीकडे अजून सापच. ज्योतिषी मंडळी या दोन्ही तारखा मानत नाहीत. त्यांचं वर्ष फेब्रुवारीच्या चार तारखेच्या आसपास, सूर्य ठरावीक जागी आला की बदलतं. थोडक्यात, पंचांगवाल्यांची भांडणं सगळीकडे सारखीच.

प्राण्यांच्या शर्यतीची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. स्वर्गाच्या सम्राटाने शर्यत लावली, उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि ऐन वेळी उडी मारून पहिला आला, मांजर राहून गेलं, वगैरे. लहान मुलांना सांगायला छान आहे. पण ही गोष्ट सगळं बसल्यानंतर मागाहून रचलेली दिसते. मांजर यादीत नाही याचं साधं कारण असं की माणसाळलेलं मांजर चीनमध्ये पोचलंच फार उशिरा. यादी तोवर केव्हाच बंद झाली होती.

खरी मजा यादीच्या जुन्या रूपात आहे. 1975 मध्ये हुबेई प्रांतातल्या शुइहूदी इथे छिन काळातल्या एका अधिकाऱ्याची कबर उघडली. इसवी सनपूर्व 217 च्या सुमाराची. त्याच्या देहाभोवती बांबूच्या अकराशेहून जास्त पट्ट्या निघाल्या. बहुतेक मजकूर कायद्याचा आणि सरकारी कामाचा, पण त्यात शुभाशुभ दिवसांची एक पोथीही होती. त्या पोथीत बारा प्राणी येतात, आणि येतात ते चोर पकडायला! चोरी ज्या दिवशी झाली त्या दिवसाचा प्राणी बघायचा आणि त्यावरून चोराचं वर्णन वाचायचं. उंदराच्या दिवशी चोरी झाली तर चोराचं तोंड निमुळतं, मिशा विरळ, हातचलाखी चांगली, रंग काळसर, तोंडावर तीळ, आणि तो भिंतीच्या आतल्या केरकचऱ्याखाली लपलेला सापडेल. बैलाच्या दिवशीचा चोर मोठ्या नाकाचा, लांब मानेचा, पोक काढून चालणारा. त्याला गोठ्यात गवताखाली शोधा. उंदरासारखा माणूस उंदराच्या जागी, बैलासारखा बैलाच्या जागी. हे वाचून मी मनापासून हसले, आणि मग आमच्या घरचं पंचांग आठवलं. त्यात हरवलेल्या वस्तूंचं कोष्टक असतं. वस्तू अंध नक्षत्रावर गेली तर पूर्वेला शोधा, लवकर मिळेल. मंदलोचन असेल तर दक्षिणेला, पण खटपट करावी लागेल. मध्यलोचनावर गेली तर पश्चिमेकडून नुसती बातमी कानावर येईल. सुलोचनावर गेली तर नाद सोडा. माझी आजी चष्मा हरवला की हे कोष्टक उघडायची. त्यासाठी आधी चष्मा लागायचा ही गोष्ट वेगळी.

शुइहूदीच्या यादीत आणखी एक गंमत आहे. आज जिथे घोडा आहे तिथे त्या पोथीत हरिण आहे. म्हणजे प्राणी अजून पुरते स्थिरावलेले नव्हते. त्यामागचं बाराचं चक्र मात्र त्याहून कितीतरी जुनं. शांग राजांच्या काळात हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत दिवस मोजायला दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या वापरलेल्या आहेत. दहा आणि बारा यांची जोडी फिरत फिरत साठाव्या पावलाला पुन्हा पहिल्या जागी येते, तेच ते साठाचं चक्र. त्या चिन्हांना तेव्हा ना शेपूट होती ना शिंगं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा एक खवट विचारवंत होऊन गेला. त्याच्या ग्रंथात आजचे बाराही प्राणी नीट आपापल्या जागी सापडतात, तेही कशासाठी, तर ही कल्पना किती पोकळ आहे हे सांगण्यासाठी. पाणी आगीला विझवतं म्हणता, मग पाण्याच्या घरातला उंदीर आगीच्या घरातल्या घोड्याला पळवून का लावत नाही, असा त्याचा सवाल. दोन हजार वर्षांत या सवालाचं उत्तर कुणी दिलेलं नाही आणि प्राण्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

अडलं नाही एवढंच नव्हे, ते गावोगाव गेले आणि जिथे गेले तिथलं पाणी प्यायले. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर बसलं आणि बैलाची जागा रेड्याने घेतली. भातखाचरांच्या देशात तेच शोभतं. जपानमध्ये पाळीव डुकराचं रानडुक्कर झालं. थायलंडमध्ये ड्रॅगनच्या जागी नाग आला, सापाच्या शेजारी मोठा नाग. कझाकांनी तर ड्रॅगन काढून चक्क गोगलगाय घातली, आणि त्यासाठी मला ते लोक फार आवडतात. मोंगल आणि तुर्कांबरोबर हे चक्र इराणात पोचलं आणि तिथल्या सरकारी कागदांवर इतकं रुळलं की 1925 मध्ये ते बंद करायला कायदा करावा लागला.

तिथून आपण फार लांब नाही. अकबराच्या दरबारात बसून अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी' लिहिली. तीत जगातल्या कालगणनांचा आढावा घेताना त्याने तुर्की-उइघुर वर्षांची यादी दिली आहे: उंदीर, बैल, चित्ता, ससा, मग मगर! मग साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. वाघाचा चित्ता झाला, ड्रॅगनची मगर झाली. कधी कुणी न पाहिलेल्या प्राण्याच्या जागी पाण्यात प्रत्यक्ष दिसणारा एक जबडेवाला बसवला, इतका साधा व्यवहार.

प्राणी फक्त वर्षांना नसतात. दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा, त्यांनाही हेच बारा. रात्री अकरा ते एक उंदराचे, दुपारी अकरा ते एक घोड्याचे. दिशांनाही हेच. उत्तरेला उंदीर, दक्षिणेला घोडा. ईशान्य दिशा बैल आणि वाघ यांच्या मध्ये येते, आणि जपानमध्ये ती भुतांची दिशा मानतात. जपानी चित्रांतल्या राक्षसाला, ओनीला, डोक्यावर बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं का, याचा उलगडा लोक असाच करतात: तो बैल-वाघाच्या फटीतून येतो. क्योतो शहराच्या ईशान्येला हिएइ डोंगरावर एनर्‍याकुजी हा बौद्ध मठ आहे. राजधानीची ती बाजू राखणारा म्हणून त्याचा दबदबा शतकानुशतकं टिकला. आपली ईशान्य देवघराची. तिथली भुतांची. वास्तुशास्त्रवाल्यांनी एकदा एकत्र बसून काय ते ठरवावं.

या तासांच्या प्राण्यांची सगळ्यांत देखणी आवृत्ती बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या बादशाही बागेत होती. अठराव्या शतकात छ्येनलुंग बादशहाने तिथे पाश्चात्त्य धाटणीचे महाल बांधून घेतले. ज्युसेप्पे कास्तिल्योने या इटालियन जेझुइट चित्रकाराने रचना केली आणि मिशेल बन्वा या फ्रेंच जेझुइटाने पाण्याची यंत्रणा बसवली. तिथल्या एका महालासमोर पाण्याचं घड्याळ होतं. झगे घालून बसलेल्या बारा माणसी आकृत्या, प्रत्येकीला काशाचं प्राण्याचं डोकं. ज्याचे तास चालू, त्याच्या तोंडातून पाणी उडायचं. दुपारी बाराला बाराही जण एकदम.

1860 मध्ये अफूच्या दुसऱ्या युद्धात इंग्रज-फ्रेंच फौजांनी ही बाग लुटली, आणि मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने ती जाळण्यात आली. प्राण्यांची डोकी गेली ती गेली. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्यातली काही लिलावात दिसायला लागली. 2000 मध्ये बैल, वाघ आणि माकड एका चिनी सरकारी कंपनीने हाँगकाँगच्या लिलावांत विकत घेतले. मकावचे जुगारसम्राट स्टॅन्ली हो यांनी डुक्कर आणि घोडा विकत घेऊन देशाला दिले; घोड्यासाठी 2007 मध्ये त्यांनी 6 कोटी 91 लाख हाँगकाँग डॉलर मोजले. 2009 मध्ये पॅरिसला उंदीर आणि ससा लिलावात निघाले, तेव्हा एका चिनी माणसाने टेलिफोनवरून सगळ्यांत मोठी बोली लावली, प्रत्येकी दीड कोटी युरोंच्या वर, आणि मग जाहीर केलं की मी पैसे देणार नाही, लुटीच्या मालाचे कसले पैसे. ती दोन डोकी शेवटी 2013 मध्ये पिनो या फ्रेंच कुटुंबाने चीनला भेट म्हणून परत केली. सात परतली. ड्रॅगन, साप, बकरी, कोंबडा आणि कुत्रा परतलेले नाहीत. ही डोकी कारागिरी म्हणून फार थोर आहेत असं कुणी म्हणत नाही. थोर असोत नसोत, त्यांना चेहरा आहे. त्याच बागेतल्या जळालेल्या महालांसाठी, पुस्तकांसाठी, चित्रांसाठी एवढा गहिवर लिलावाच्या दालनात कधी दिसला नाही.

एल्गिनचं पुढे काय झालं? 1862 मध्ये तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात धर्मशाळेला वारला. मॅक्लोडगंजच्या अलीकडे देवदारांत सेंट जॉनचं दगडी चर्च आहे, तिथे त्याची समाधी आहे. आपल्याकडची सहल कंपन्यांची बस तिथे दहा मिनिटं थांबते, लोक फोटो काढतात आणि मोमो खायला वर जातात. वरच्या बाजारात तिबेटी लोक राहतात. त्यांच्यात अजून मुलाच्या जन्माबरोबर प्राणी आणि काष्ठ, अग्नी, माती, धातू, पाणी या पाचांतलं एक तत्त्व सांगितलं जातं; बारा पंचे साठ, तेच ते साठाचं चक्र. दलाई लामांचा जन्म 1935 चा, म्हणजे काष्ठ-डुकराच्या वर्षातला. तिबेटी वैद्यक आणि ज्योतिष यांची संस्था याच गावात आहे आणि ती दरवर्षी पंचांग काढते. प्राण्यांचं घड्याळ जाळणारा खाली पुरलेला आणि ते बारा प्राणी वरच्या अंगाला सुखाने नांदताहेत. इतिहासाला विनोद कळतो तो असा कधीमधी.

तिबेटचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी केला. साठ वर्षांचं चक्र आपल्याकडेही आहे: प्रभव, विभव, शुक्ल अशी नावं असलेली संवत्सरं. कालचक्रतंत्र भारतातून तिबेटात गेलं तेव्हा हे चक्रही गेलं, आणि चीनकडून आलेल्या साठाच्या चक्राला जाऊन मिळालं. तिबेटी लोकांनी दोन्ही एकावर एक बसवली. त्यांचं पहिलं चक्र 1027 मध्ये सुरू झालं, प्रभव संवत्सर आणि अग्नि-ससा एकाच वर्षी. तेव्हापासून हा मेळ चुकलेला नाही. आपल्या शालिवाहन शकाच्या हिशेबातलं अलीकडचं प्रभव संवत्सर 1987 चं, आणि ते वर्ष चिनी हिशेबातही अग्नि-सशाचंच. म्हणजे आपलं प्रत्येक संवत्सर कुठल्या ना कुठल्या प्राण्याला कायमचं बांधलेलं आहे, आपल्याला त्याचा पत्ताही नाही. बोटं मोजत चाळिसाव्या संवत्सरापर्यंत गेलं की पराभव येतं, आणि त्याच्या वाट्याला येतो अग्नि-घोडा. 1906, 1966, 2026.

जपानमध्ये अग्नि-घोड्याच्या वर्षाला हिनोए-उमा म्हणतात. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, अशी समजूत. तिच्या मुळाशी एदोमधल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, एका भाजीवाल्याच्या ओशिची नावाच्या मुलीची हकीकत सांगतात. मोठ्या आगीत घर सोडून देवळात आसरा घेतला, तिथल्या तरुणावर जीव जडला, घर पुन्हा उभं राहिल्यावर त्याला भेटायला मिळेना, म्हणून तिने पुन्हा आग लावली. 1683 मध्ये तिला जिवंत जाळलं. तिचा जन्म 1666 चा, अग्नि-घोड्याचा, असं लोक मानतात. एक प्रेमात वेडी झालेली पोर, आणि तिच्यावरून तीनशे वर्षं पुढच्या सगळ्या मुलींचा हिशेब. 1906 मध्ये लोकांनी मुलींच्या जन्माच्या तारखा अलीकडच्या-पलीकडच्या वर्षात नोंदवल्या, आणि ज्यांच्या नोंदवल्या नाहीत त्यांची लग्नं पुढे जमेनात. 1966 येईतो कुटुंबनियोजन घरोघर पोचलं होतं, गर्भपात कायदेशीर होता. 1965 मध्ये जपानात 18 लाख 23 हजार मुलं जन्मली, 1966 मध्ये 13 लाख 60 हजार, आणि 1967 मध्ये 19 लाख 35 हजार. टोकियोत ऑलिम्पिक होऊन दोन वर्षं झाली होती, बुलेट ट्रेन धावत होती.

आमच्या कारखान्यात मुख्यालयाकडून हिशेब तपासायला एक बाई यायच्या, त्या 1966 च्या. जेवणाच्या सुट्टीत पोळी हाताने कशी तोडायची ते मी त्यांना दाखवत होते तेव्हा हा विषय निघाला. त्यांच्या शाळेत वरच्या आणि खालच्या यत्तांना जितक्या तुकड्या, त्याहून त्यांच्या यत्तेला एक कमी. त्यामुळे पळण्याच्या शर्यतीत त्यांची यत्ता कायम हरायची आणि कॉलेजच्या प्रवेशाला मात्र गर्दी कमी. "घोड्याचा मला फायदाच झाला," त्या म्हणाल्या. मग पोळीचा तुकडा डाळीत बुडवून म्हणाल्या, "सासूबाईंनी मात्र आधी चौकशी केली होती. माझे वडील म्हणाले, मुलगी घोड्याची आहे, पण हळू चालते." त्या हसल्या, मीही हसले. नवऱ्याचा घोडा कुणी विचारला होता का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. उत्तर ठाऊक होतं. हिनोए-उमाचा पुरुष बायकोला खातो असं कुणी म्हणत नाही.

त्याच 1966 च्या पाडव्याला आपल्याकडे पंचांगवाचन झालं असणार. पराभवनाम संवत्सर. नाव म्हणून बघितलं तर घोड्यापेक्षा कितीतरी भयंकर. तरी त्या वर्षी महाराष्ट्रात कुणी पाळणा लांबवला नाही, कुणाच्या पत्रिकेत 'पराभवातली मुलगी' म्हणून खोट निघाली नाही. कडुनिंबाची चटणी खाल्ली, संवत्सरफळ ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत नावही विसरलं. आज आपलं जन्म-संवत्सर सांगता येणारा माणूस मला हजारात एखादा भेटेल. संवत्सराच्या नावाला डोळे नाहीत, शेपूट नाही, त्याला राग येत नाही, ते लाथ मारत नाही. त्याचं भिंतीवर चित्र लावता येत नाही. म्हणून त्याच्यावर कुणी माया केली नाही, आणि त्याने कुणाचं वाकडंही केलं नाही.

यावरून आपण शहाणे ठरतो असं मुळीच नाही. जिथे आपल्याला चेहरा सापडला तिथे आपणही तेच केलं. मंगळ लाल, तापट, म्हणून मंगळाची मुलगी नवऱ्याला जड. मूळ नक्षत्राची सासऱ्याला, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठेची मोठ्या दिराला, विशाखेची धाकट्याला. सगळं सासर नक्षत्रांमध्ये वाटून टाकलंय, फक्त सुनेला कोण जड ते कुठे दिलेलं नाही. लग्नाच्या जाहिरातीत 'सौम्य मंगळ' लिहिणाऱ्या घरांना जपानी घोड्याला हसायचा काय अधिकार? सौम्य मंगळ हा तर त्या वडिलांच्या हळू चालणाऱ्या घोड्याचाच भाऊ.

उलटा प्रकारही चालतो. ड्रॅगनच्या वर्षी चिनी समाजांत बाळंतपणं वाढतात. तैवानमध्ये 2010 या वाघाच्या वर्षी 1 लाख 66 हजार मुलं जन्मली आणि 2012 या ड्रॅगनच्या वर्षी 2 लाख 29 हजार. 2010 च्या घसरणीला आर्थिक मंदीही कारण होती, सगळं वाघावर ढकलणं बरोबर नाही. पण ज्या मुलांना भाग्यवान म्हणून जन्माला घातलं त्यांच्या वाट्याला काय येतं, तर प्रसूतिगृहात गर्दी, बालवाडीला रांग, आणि प्रत्येक प्रवेशपरीक्षेला भरगच्च वर्ग. आणि स्वतःच्या प्राण्याचं वर्ष परत आलं की ते मात्र शुभ नसतं. चीनमध्ये बाराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या वर्षी लोक वर्षभर लाल मोजे, लाल पट्टा, लाल अंतर्वस्त्रं घालतात, कारण वर्षाचा देव आपल्या प्राण्याच्या माणसांवर नजर रोखून असतो.

साठाव्या वर्षाचं तसं नाही. जपानमध्ये साठी झाली की माणूस चक्राच्या पहिल्या घरात परत येतो, पुन्हा बाळ होतो. त्याला लाल टोपी आणि बिनबाह्यांची लाल बंडी घालून मधोमध बसवतात. आपल्या साठीशांतीसारखंच, फक्त होम नाही आणि तुला नाही. 2026 मध्ये 1966 च्या घोड्यांची साठी. त्यांत युवराज्ञी किकोही आहेत, 11 सप्टेंबर 1966 चा जन्म. त्यांचं लग्न राजघराण्यात झालं तेव्हा घोडा कुणाच्या आड आला नाही. आमच्या हिशेबवाल्या बाईंच्या मुलीने आईसाठी लाल बंडी मागवली आहे, आणि बाईंचं म्हणणं आहे की लाल रंग आपल्याला शोभत नाही.

2026 ला जपानात पुन्हा जन्म घटतील का, अशी चर्चा तिथे आधीपासून चालू होती. 1966 मध्ये दर बाईमागे मुलांचं प्रमाण 1.58 पर्यंत खाली गेलं होतं, आणि तो नीचांक घोड्याच्या नावावर होता. 1989 हे साधं सापाचं वर्ष. त्या वर्षीचा आकडा निघाला 1.57. कुणाला भीती नव्हती, कुठली समजूत आड आली नव्हती. 2024 तर ड्रॅगनचं, सगळ्यांत भाग्यवान वर्ष. त्या वर्षीचा आकडा 1.15.